ब्रेक पेडल कडक आणि गाडी थांबेना: दोष बूस्टरकडे की चाकांकडे, ते आधी शोधा

ब्रेकवर पाय दिला की पेडल दगडासारखं लागतं, सगळा जोर लावावा लागतो आणि तरीही गाडी हव्या त्या जागेच्या पुढे जाऊनच थांबते. या तक्रारीवर बहुतेक वेळा आधी ब्रेक ऑइल बदलून एअर काढली जाते, मग पॅड बदलले जातात. चार दिवस बरं वाटतं आणि पेडल पुन्हा कडक होतं. ऑइलमध्ये हवा शिरली तर पेडल मऊ पडतं, कडक होत नाही. त्यामुळे कडक पेडलवर एअर काढणं म्हणजे वेळ आणि ऑइल दोन्ही वाया.

कडक पेडल आणि कमी ब्रेक ही जोडी दोन बाजूंनी येते. एकतर पायाच्या जोरात भर घालणारा बूस्टर काम करत नाही, किंवा बूस्टर ठीक असून पुढे, मास्टर सिलिंडरपासून (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) चाकापर्यंत, दाब अडतो वा घर्षण कमी पडतं. कुठलाही भाग विकत घेण्याआधी यातली कोणती बाजू आहे ते ठरवा. त्याला पाच मिनिटं लागतात आणि एकही पाना लागत नाही.

तोवर ही गाडी रस्त्यावर नेऊ नका. चालत्या गाडीत पेडल अचानक कडक झालं तर पेडल वारंवार मारू नका. बूस्टरमध्ये उरलेली मदत दोन-तीन वेळाच पुरते आणि प्रत्येक दाब ती कमी करतो. एकदाच, पूर्ण वजन टाकून पेडल दाबून धरा, एकेक गिअर खाली आणा आणि हँडब्रेक बटण दाबून ठेवून हळूहळू ओढा, म्हणजे मागची चाकं एकदम लॉक होणार नाहीत. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर बऱ्याच गाड्यांत ते बटण धरून ठेवल्यावर गाडी नियंत्रितपणे थांबते. इंजिन मात्र बंद करू नका. असलेली थोडीफार मदतही जाईल आणि स्टिअरिंग जड होईल.

आधी पेडल नीट ओळखा

पेडल खोल जातंय आणि पंप केल्यावर वर येतंय, तर हवा आहे किंवा मागच्या ड्रममधलं अंतर वाढलंय. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकतंय, तर मास्टर सिलिंडर आतून सोडतोय किंवा कुठेतरी गळती आहे. लांब उतारावर सतत ब्रेक मारल्यानंतर पेडल घट्ट आहे पण पकड गेली, तर पॅड तापून घर्षण कमी झालंय. गाडी थांबवून थंड होऊ दिली की पकड परत येते. त्याच उतारावर पेडल मऊ पडलं तर ऑइल उकळलंय. हे चारही वेगळे दोष आहेत. पुढचं सगळं फक्त अशा पेडलसाठी आहे जे वरच्या वरच अडतं, जोर खूप मागतं आणि थांबवतं कमी.

बूस्टर किती जोर देतो

मास्टर सिलिंडरच्या मागे, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला लागून जो मोठा काळा गोल डबा असतो, तो बूस्टर. आत डायफ्राम म्हणजे रबरी पडद्याने दोन कप्पे केलेले असतात. पाय पेडलवर नसताना दोन्ही कप्प्यांत व्हॅक्यूम असतो, म्हणजे आतली हवा बरीचशी ओढून घेतलेली असते. पेडल दाबलं की मधला व्हॉल्व्ह दोन कप्प्यांचा संबंध तोडतो आणि पेडलच्या बाजूच्या कप्प्यात बाहेरची हवा सोडतो. एका बाजूला हवेचा दाब, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम, त्यामुळे डायफ्राम पुढे ढकलला जातो आणि त्यासोबत मास्टरचा पिस्टनही. नऊ इंच व्यासाच्या डायफ्रामचं क्षेत्रफळ सुमारे 400 चौरस सेंटिमीटर होतं. 20 इंच व्हॅक्यूमवर (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात) त्याच्यावर अडीचशे किलोच्या पुढे जोर येतो. हा जोर नाहीसा झाला की तो पायाने भरून काढणं कुणालाही शक्य नाही. म्हणून बूस्टर गेलेल्या गाडीत ब्रेक असतात, पण पुरत नाहीत.

पेट्रोल गाडीत हा व्हॅक्यूम सहसा इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतून, येतो. डिझेलच्या इंजिनात थ्रॉटलमुळे तसा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून कॅमशाफ्टवर किंवा अल्टरनेटरच्या मागे वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. बऱ्याच टर्बो पेट्रोल आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांनाही असा पंप दिलेला असतो. तुमच्या गाडीत कुठला स्रोत आहे ते बूस्टरपासून निघणारा जाड पाइप हाताने धरून शेवटपर्यंत गेलं की कळतं.

तीन चाचण्या, एकही भाग न उघडता

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये. चाकांच्या पुढे-मागे दगड किंवा ठोकळे लावा.

पहिली चाचणी मदत मिळते का याची. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबा, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल कडक होईल. आता मध्यम जोराने पेडल दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पायाखाली पेडल थोडं, साधारण एक-दोन सेंटिमीटर, आपोआप खाली गेलं पाहिजे. गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय आणि तो मदत करतोय. अजिबात हललं नाही तर दोष व्हॅक्यूमच्या बाजूला आहे. चाकं काढायची गरज नाही.

दुसरी चाचणी साठा टिकतो का याची. इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा. अर्धा मिनिट थांबून पेडल सावकाश तीन-चार वेळा दाबा. पहिल्यांदा ते सर्वांत खोल जावं, दुसऱ्यांदा थोडं वर थांबावं, तिसऱ्यांदा आणखी वर. पहिल्याच दाबाला कडक लागलं तर साठा टिकत नाही: एकेरी व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा), पाइप, व्हॉल्व्हभोवतीचं रबर किंवा बूस्टर स्वतः.

तिसरी चाचणी बऱ्याच ठिकाणी केलीच जात नाही, आणि डायफ्राम पकडायला तीच उपयोगाची आहे. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा आणि तसंच धरून इंजिन बंद करा. तीस सेकंद पाय हलवू नका. पेडल जिथे आहे तिथेच राहिलं पाहिजे. ते पायाला वर ढकलू लागलं तर दाबलेल्या अवस्थेत बूस्टर हवा सोडतोय. दुसऱ्या चाचणीत बूस्टर पास होऊन इथे नापास होऊ शकतो, कारण दाबल्यावरच डायफ्रामची चीर उघडते किंवा आतल्या व्हॉल्व्हची बैठक सुटते.

या चाचण्या करताना कान पेडलजवळ असू द्या. पेडल दाबताना क्षणभर हवा आत जाण्याचा आवाज येणं स्वाभाविक आहे. पेडल दाबून धरल्यावर फुसफुस चालूच राहिली तर बूस्टर आतून फाटला आहे. पेट्रोल गाडीत त्याच वेळी इंजिनाचा आयडल डगमगतो, कारण फाटलेल्या डायफ्राममधून न मोजलेली हवा थेट मॅनिफोल्डमध्ये जाते. ब्रेक दाबला की आरपीएम हलतो अशी तक्रार इंजिनाची म्हणून आली तरी एकदा बूस्टर बघा.

तिन्ही चाचण्या पास झाल्या आणि ब्रेक तरीही कमी, तर सरळ चाकांच्या भागाकडे जा.

व्हॅक्यूम वाटेत कुठे हरवतो

सुरुवात बूस्टरवरच्या एकेरी व्हॉल्व्हपासून करा. प्लॅस्टिकचा हा छोटा तुकडा बूस्टरच्या रबरी ग्रोमेटमध्ये बसवलेला असतो, काही गाड्यांत तो पाइपाच्या आतच असतो आणि बाहेर बाण असतो. बाणाचं टोक इंजिनाकडे हवं. व्हॉल्व्ह सरळ ओढू नका. हलका फिरवत, वाकवत काढा, नाहीतर ग्रोमेट आत पडतो आणि बूस्टर खोलल्याशिवाय बाहेर येत नाही. बूस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा इंजिनाच्या टोकातून बाहेर गेली पाहिजे. इंजिनाच्या टोकातून फुंकलं तर अजिबात जाऊ नये. दोन्ही बाजूंनी हवा गेली तर साठा टिकणार नाही. दोन्ही बाजूंनी अडली तर व्हॅक्यूम बूस्टरपर्यंत पोचणारच नाही. टर्बो पेट्रोल गाडीत या व्हॉल्व्हवर आणखी एक जबाबदारी असते: टर्बोचा दाब मॅनिफोल्डमध्ये वाढला की तो बूस्टरमध्ये शिरू न देणं. अशा गाडीत जोरात वेग घेतल्यानंतर लगेच मारलेला पहिला ब्रेक कडक लागत असेल आणि एरवी ठीक असेल, तर आधी व्हॉल्व्ह बदला. व्हॉल्व्हसोबत ग्रोमेटही नवा घ्या. जुनं रबर कडक झालेलं असतं आणि नवा व्हॉल्व्ह त्यात हलतो.

मग पाइप. बाहेरून चांगला दिसणारा पाइप फसवतो. रबरी पाइपाचा आतला थर सुटतो आणि व्हॅक्यूम लागला की आत ओढला जाऊन वाट बंद करतो. इंजिन बंद केलं की पुन्हा मोकळा होतो. इंजिन चालू असताना पाइप बोटांनी पूर्ण लांबीभर दाबत जा. कुठे चपटा किंवा मऊ लागला, वाकलेल्या जागी चिरा दिसल्या, तर बदला. इथे डिझेलचा किंवा पाण्याचा साधा पाइप कधीच लावू नका. व्हॅक्यूमसाठी बनवलेल्या पाइपाची भिंत जाड असते. साधा पाइप गरम झाला की चपटा होतो. ही जुगाडू दुरुस्ती तक्रार परत येण्यामागे बऱ्याचदा सापडते: थंड गाडीत ब्रेक उत्तम, अर्ध्या तासाने कडक.

आता स्रोत मोजा. बूस्टरचा पाइप काढून त्याच्या टोकाला व्हॅक्यूम गेज लावा. समुद्रसपाटीजवळ निरोगी पेट्रोल इंजिन आयडलला 17 ते 22 इंच, आणि काटा स्थिर. उंचीवर दर 300 मीटरला साधारण 1 इंच कमी होतो, म्हणून डोंगरावरच्या गावात 16 इंच दिसले म्हणून लगेच घाबरू नका. डिझेलचा पंप सुस्थितीत असेल तर 25 इंचांच्या आसपास जातो आणि इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांतच काटा वर चढतो. सावकाश चढत असेल तर पंप झिजलाय किंवा गळती आहे.

पेट्रोल इंजिनात व्हॅक्यूम कमी असण्याची कारणं बूस्टरच्या बाहेरची असतात: इनटेक गॅस्केटची गळती, इग्निशन टायमिंग मागे गेलेलं, टायमिंग बेल्ट वा चेन एखादा दात सरकलेली, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) तुंबलेला. शेवटचं ओळखायला इंजिन 2500 आरपीएमवर धरून ठेवा. काटा हळूहळू खाली येत राहिला तर एक्झॉस्ट अडतोय. थ्रॉटल बॉडी खूप मळली असेल किंवा एसी लावल्यावर इंजिन कंट्रोलर थ्रॉटल जास्त उघडत असेल, तर तेवढ्या वेळेपुरता व्हॅक्यूम घसरतो. म्हणूनच काही गाड्यांत ही तक्रार फक्त एसी चालू, गर्दीत सरकत सरकत जाताना, लागोपाठ ब्रेक मारल्यावर येते. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात कन्व्हर्टर तापवण्यासाठी टायमिंग मुद्दाम मागे ठेवलेलं असतं, तेव्हाही व्हॅक्यूम कमी मिळतो. एवढ्यानेच पेडल कडक होत असेल तर पाइप आणि व्हॉल्व्ह कमकुवत झाले आहेत, त्यांना आधार उरलेला नाही.

डिझेलमध्ये एक गोष्ट हमखास सुटते. पंपाकडून येणारा व्हॅक्यूम फक्त ब्रेकला जात नाही. टर्बोचा अॅक्च्युएटर, ईजीआरचा (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात नेणारी यंत्रणा) सोलेनॉइड यांच्याकडे बारीक फांद्या जातात. त्यातला एखादा पेन्सिलीएवढा पाइप तुटला तरी सगळीकडचा व्हॅक्यूम पडतो. गेज लावून एकेक फांदी बंद करा. ज्या फांदीला बंद केल्यावर काटा उडी मारून वर गेला, गळती तिथे. पिकअप कमी झालंय आणि ब्रेकही कडक, अशी दुहेरी तक्रार असेल तर इथूनच सुरू करा.

पंपाच्या पाइपात इंजिन ऑइल सापडलं तर थांबा. पंपाला वंगण इंजिन ऑइलचं असतं. पंपाचा आतला व्हॉल्व्ह खराब झाला की इंजिन बंद झाल्यावर ते ऑइल बूस्टरकडे ओढलं जातं आणि एकेरी व्हॉल्व्ह, डायफ्राम दोन्ही मऊ करतं. असा बूस्टर बदलला आणि पंप तोच ठेवला तर नवा बूस्टरही तसाच जाईल.

बूस्टर गेला, पण कशामुळे?

व्हॅक्यूम पुरेसा आहे, व्हॉल्व्ह आणि पाइप चांगले आहेत, तरी चाचणी नापास: मग बूस्टर. खात्रीसाठी हाताचा व्हॅक्यूम पंप थेट बूस्टरच्या तोंडाला लावून 20 इंच, म्हणजे सुमारे 68 किलोपास्कल, ओढा. पेडल सुटं असताना आणि पेडल दाबलेलं असताना, दोन्ही वेळा काटा टिकला पाहिजे.

बदलण्याआधी एक गोष्ट जरूर बघा. ब्रेक ऑइलची पातळी कमी होतेय पण चाकांपाशी किंवा पाइपांवर कुठेच ओल नाही, असं असेल तर ऑइल बहुधा बूस्टरमध्ये जातंय. मास्टर सिलिंडरचं मागचं सील झिजलं की व्हॅक्यूम तिथून ऑइल आत खेचतो. एकेरी व्हॉल्व्ह काढून त्याच्या भोकातून एक लांब प्लॅस्टिक केबल टाय बूस्टरच्या तळापर्यंत सोडा आणि बाहेर काढा. टोक ओलं आलं आणि चिमटीत घेतल्यावर बुळबुळीत लागलं, तर बूस्टरसोबत मास्टर सिलिंडरही बदलायचा आहे. मास्टरच्या खाली बूस्टरच्या रंगाला फुगवटे आले असतील किंवा रंग सोलून निघत असेल, तोही हाच पुरावा. हे ऑइल व्हॅक्यूमच्या पाइपातून इंजिनापर्यंत पोचलं तर पांढरा धूर येतो आणि हेड गॅस्केट गेल्याचा संशय घेतला जातो.

बूस्टर उघडून डायफ्राम बदलण्याचा सल्ला मिळेल. तो मानू नका. आत मोठी स्प्रिंग दाबलेली असते, पत्र्याची कड पुन्हा हवाबंद बसवण्यासाठी खास साधनं लागतात, आणि ब्रेकच्या बाबतीत अंदाजाला जागा नाही.

बदलायचं काम असं. मास्टर सिलिंडर सहसा दोन नटांवर असतो. ते काढून, धातूचे पाइप न उघडता, मास्टर अलगद पुढे घ्या. पाइपांवर ताण येत असेल तर मात्र ते सोडावेच लागतात आणि शेवटी एअर काढावी लागते. केबिनमध्ये पेडलच्या वर क्लिप आणि पिन काढली की दांडा सुटतो. पत्र्यातून आलेले चार नट काढले की बूस्टर इंजिनाच्या बाजूने बाहेर येतो. मास्टर आणि बूस्टरमधली रबरी रिंग नवीन घाला. ती जुनी लावली तर व्हॅक्यूम तिथूनच जातो आणि नवीन बूस्टर खराब निघाला असं वाटतं. त्या जोडावर सिलिकॉन चोपडू नका. नट गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच घट्ट करा.

या कामात सर्वांत जास्त चुकतो तो पुढचा बारीक दांडा, बूस्टरमधून मास्टरच्या पिस्टनला ढकलणारा. त्याचं टोक आणि पिस्टन यांच्यात मॅन्युअलमध्ये सांगितलेलं अगदी थोडं अंतर राहायला हवं. दांडा लांब राहिला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइलला ब्रेक ऑइलच्या टाकीत परतायची वाट बंद राहते, आणि गाडी तापली की ब्रेक आपोआप लागत जातात. पेडल पुन्हा वर आणि कडक. बूस्टर बदलल्यावर तक्रार जशीच्या तशी राहिली तर नव्या भागाला दोष देण्याआधी हे अंतर मोजा. ब्रेक लाइटच्या स्विचने पेडलला खाली दाबून धरलं असेल तरीही हेच होतं. पेडलला पायाने हलवून बघा, काही मिलिमीटर मोकळी हालचाल हवीच.

बूस्टर उत्तम, तरीही ब्रेक कमी

गाडी रस्त्यावर न नेता, रिकाम्या जागी कमी वेगात साधारण ब्रेक मारत थोडा वेळ चालवा आणि लगेच चारही डिस्क किंवा ड्रमचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. एकाच अॅक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकात मोठा फरक नको. थंड राहिलेलं चाक ब्रेक लावत नाही. खूप तापलेलं चाक ब्रेक सोडत नाही. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणं स्वाभाविक आहे, बहुतांश भार तीच घेतात. तापमान हाताने बघू नका.

मग गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवा. एकाने पेडल दाबून सोडायचं, दुसऱ्याने चाक हाताने फिरवायचं. पेडल सोडल्यावर चाक अडकूनच राहिलं तर कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) एअर काढायचं निपल थोडं उघडा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब वरच अडकला होता: लवचीक पाइप आतून बंद झालाय किंवा मास्टर परत येत नाही. ऑइल आलं पण चाक तसंच घट्ट, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकणाऱ्या पिना जाम आहेत. पाइप की मास्टर हे ठरवायला पुढच्या वेळी अडकल्यावर निपलऐवजी लवचीक पाइपाचा वरचा, धातूच्या पाइपाशी असलेला जोड सैल करा. तिथे सैल केल्यावर चाक सुटलं तर मास्टर. नाही सुटलं तर पाइप.

हा लवचीक पाइप दुसऱ्या प्रकारेही त्रास देतो: दाब पुढे जाऊच देत नाही. त्या चाकाचा ब्रेक लागत नाही आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. पॅड बदलताना कॅलिपर पाइपावरच लोंबकळत ठेवल्याने आतला थर तुटतो. कॅलिपर नेहमी तारेने टांगा. पाइप जोडीने बदला. गाडीखालचा धातूचा पाइपही एकदा बघून घ्या. जॅक चुकीच्या जागी लावून तो चेपलेला सापडतो.

कॅलिपरच्या पिना हाताने सहज सरकल्या पाहिजेत. गंजल्या असतील तर साफ करून सिलिकॉनची ब्रेक ग्रीस लावा. साधी ग्रीस लावली तर बूटचं रबर फुगतं आणि महिन्याभरात पिन पहिल्यापेक्षा घट्ट. पिस्टन मागे ढकलताना टाकीचं झाकण काढा, पातळी वर येईल ती पुसून घ्या, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. हँडब्रेक आत असलेल्या मागच्या कॅलिपरचा पिस्टन फिरवत आत घालायचा असतो, दाबून नाही. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये न्या.

पॅडचा उरलेला थर 3 मिलिमीटरच्या खाली गेला की बदला. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, ती मायक्रोमीटरने तपासा. पॅडचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत, चकचकीत झाला असेल तर पेडल घट्ट लागतं आणि पकड नसते, हुबेहूब बूस्टर गेल्यासारखं. घासून तात्पुरतं बरं होतं. ऑइल किंवा ग्रीस लागलेला पॅड मात्र धुवून, जाळून साफ होत नाही. तेल आत मुरलेलं असतं. अॅक्सलवरचे दोन्ही बाजूंचे पॅड बदला आणि ते तेल आलं कुठून ते शोधा. मागच्या ड्रममध्ये ते अॅक्सलच्या सीलमधून किंवा व्हील सिलिंडरमधून येतं. सील न बदलता नवे लायनर टाकले तर तेही तसेच भिजणार.

पॅड बदलल्यानंतरच तक्रार सुरू झाली असेल तर ते बसवताना घासून घेतले नव्हते असं समजा. मोकळ्या रस्त्यावर 50-60 किलोमीटर वेगावरून 10-15 वर आणणारे आठ-दहा मध्यम ब्रेक, मधे थंड व्हायला अंतर, आणि पूर्ण न थांबता.

एक घातक चूक वेगळी सांगायला हवी. टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओतलं गेलं तर ब्रेकमधली सगळी रबरं फुगतात. पेडल कडक होतं, ब्रेक सुटत नाहीत, आणि एकेक भाग बदलूनही दोष फिरत राहतो. टाकीच्या झाकणातलं रबर फुगून वेडंवाकडं झालंय का बघा. शंका आली तर टाकीतलं थोडं द्रव पाण्यात टाका: डॉट 3 आणि डॉट 4 दर्जाची ब्रेक ऑइलं पाण्यात मिसळतात, तेल वर तरंगतं. तेल निघालं तर नुसतं धुवून भागत नाही. मास्टर, कॅलिपरची सीलं, व्हील सिलिंडर, लवचीक पाइप, सगळं बदलावं लागतं. एबीएसच्या युनिटचा प्रश्नही येतो. तोवर गाडी जागची हलवू नका.

रात्रभर उभ्या गाडीत सकाळी कडक

रात्रभरात थोडा व्हॅक्यूम गळून पहिला दाब कडक लागणं एवढ्यावरून काही बिघडलं असं नाही. बटण-स्टार्ट गाडीत मात्र यामुळे पेडल पुरेसं खाली जात नाही, ब्रेकचा स्विच लागत नाही आणि गाडी सुरूच होत नाही. बॅटरी गेली असं वाटतं. पेडल जोराने, एकसारखं दाबून धरा आणि मग बटण दाबा. दहा-पंधरा मिनिटांच्या थांब्यानंतरही असंच होत असेल तर एकेरी व्हॉल्व्ह आणि ग्रोमेट बदला.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत एकतर विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप असतो किंवा मोटरने ढकलणारा बूस्टर. पंप असेल तर त्याचा फ्यूज, रिले आणि व्हॅक्यूम सेन्सर बघा. पेडल चार-पाच वेळा दाबल्यावर पंपाचा घरघर आवाज यायला हवा. तो सतत चालूच असेल तर गळती आहे. मोटरच्या बूस्टरवर वरच्या तीन चाचण्या लागू होत नाहीत. तिथे स्कॅनर लावूनच पुढे जा, आणि पाइप उघडले तर एअर काढायची पद्धतही स्कॅनरनेच होते.

दुरुस्तीनंतर

तिन्ही चाचण्या पुन्हा करा, मग रिकाम्या जागी अगदी कमी वेगात ब्रेक तपासा. दोन-तीन किलोमीटर चालवून चाकं हाताने फिरतात का ते जॅकवर बघा, म्हणजे दांड्याचं अंतर बरोबर बसलंय का कळेल. ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलंच, गाडीच्या टाकीवर लिहिलेल्या दर्जाचं भरा. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते डॉट 3 किंवा डॉट 4 मध्ये मिसळू नका. टाकीवर पातळीची खूण पेनाने करून ठेवा. आठवड्याने ती खाली गेलेली दिसली आणि चाकांपाशी कुठे ओल नसली, तर बूस्टरचा एकेरी व्हॉल्व्ह काढून केबल टाय पुन्हा आत घाला.